सर्वधर्म परिषदेचे चाळीस हजार

प्रश्न : मी तालुक्याच्या गावात हायस्कूलला शिकवते. माहेरही इथलंच. गेल्या वर्षी कुणाच्या तरी स्टेटसवरून गावात दगडफेक झाली, बाजारपेठेतली दुकानं फोडली, नेट बंद झालं. कुणाचा जीव गेला नाही, पण तेव्हापासून गाव दुभंगलंय. माझा भाचा वीस वर्षांचा आहे, आयटीआय करून घरी बसलाय. रात्री दोन-दोनपर्यंत कसल्याशा ग्रुपवर असतो. ‘आपण तयार राहायला पाहिजे’ म्हणतो. परवा तो मोबाइलवर तलवारींचे भाव बघताना दिसला. शाळेतली माझी मुस्लिम मैत्रीण सांगते, तिचा धाकटा दीरही बदललाय. परदेशातल्या कुठल्या वक्त्याचे व्हिडिओ ऐकतो, दर्ग्यावर जाणाऱ्या स्वतःच्या आईला चुकीचं ठरवतो, यंदा माझ्याकडचा दिवाळीचा फराळही त्यानं परत पाठवला. आम्ही दोघींनी सर्वधर्म परिषद घ्यायचं ठरवलंय. महाराज, मौलाना, फादर, भन्तेजी असे सगळे एका व्यासपीठावर. गल्लीतलं गणेश मंडळ चाळीस हजार द्यायला तयार आहे. मिस्टर म्हणतात, फोटोपुरतं होईल, पोरं फिरकणारही नाहीत. परिषद घ्यावी का? भाच्याचं काय करू? पोलिसांत जावं का?
— एक शिक्षिका

उत्तर :

प्रिय ताई,

आधी तलवारीचं बोलू. बाकीचं सगळं आठवडाभर थांबू शकतं, हे नाही. भाच्याच्या आईवडिलांना विश्वासात घ्या, कुणी आरडाओरडा करायचा नाही हे आधी ठरवा आणि आज-उद्याच त्याला समोर बसवा. धर्मावर एक शब्द काढू नका. एवढंच सांगा की असलं हत्यार घरात सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो आणि एकदा नाव पोलिसांच्या दप्तरी चढलं की चारित्र्य पडताळणीला ते दर वेळी वर येतं. कंपनीत लागायचं असो, भरतीला उभं राहायचं असो, पासपोर्ट काढायचा असो. आयटीआय केलेल्या पोराला हे नीट कळतं. ग्रुपवर तलवारीचे फोटो टाकणारे त्या दिवशी जामीन द्यायला येणार नाहीत, हेही त्याला ठाऊक असतं. ते कुणीतरी घरातल्यानं शांतपणे बोलून दाखवावं लागतं.

पोलिसांत केव्हा जायचं? हत्यार घरात आलं असेल आणि सांगूनही तो ते बाहेर काढत नसेल, कुणा एका माणसाचं किंवा दुकानाचं नाव घेऊन ‘त्याला बघतो’ म्हणत असेल, तारीख ठरवत असेल, गुपचूप पैसे जमवत असेल किंवा घर सोडून जायची भाषा करत असेल, तर थांबू नका. ओळखीचा वकील सोबत घेऊन जा आणि पोरगं वाचावं म्हणून आलोय हे पहिल्याच वाक्यात सांगा. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंसोबत इराकला गेले आणि तिथून आयसिसकडे. घरच्यांना कळलं तेव्हा पोरं निघून गेली होती. मैत्रिणीच्या घरीही हीच खूण लक्षात ठेवायला सांगा.

पण तिच्या दिराबद्दल एक गोष्ट वेगळी काढून ठेवा. फराळ न खाणं, दर्ग्यावर न जाणं, दाढी राखणं यात हिंसा नाही. तुम्हाला लागलं हे मी समजू शकते. तुमच्या हातचा फराळ होता, त्या घरात वर्षानुवर्षं जात होता. तरी माणूस कर्मठ झाला म्हणून तो घातक झाला असं धरून चाललात तर उद्या तो तुमच्याशी बोलणारच नाही, आणि त्याला बोलतं ठेवणं हीच तर आपली गरज आहे. तुमच्या भाच्यानं मंगळवारी उपास धरला, टिळा लावला म्हणून तुम्ही घाबरला नसता. तोच न्याय तिकडे लावा. बघायचं ते वेगळंच : जुने मित्र तोडले का, समोरच्या सगळ्या जमातीला एकाच शब्दात गुंडाळतो का, कुणाला मारणं योग्य आहे असं म्हणतो का.

आता परिषदेचं. तुमचे मिस्टर म्हणतात ते बरोबर आहे. पोरं येणार नाहीत. जे येतील त्यांना ती ऐकायची गरज नाही. महाराज सांगतील की सगळ्या धर्मांचं सार एक, मौलाना सांगतील की इस्लाम म्हणजे शांती. कुणीतरी शिवरायांच्या सैन्यातल्या मुस्लिम सरदारांची नावं घेईल, कुणी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा अभंग म्हणेल. सगळं खरं आहे आणि मला मनापासून प्रिय आहे. पण भाच्याच्या ग्रुपवर या प्रत्येक वाक्याचं तयार उत्तर पडलेलं असतं. शिवाय तुमच्या गावात भांडण झालं ते काही वेद आणि कुराणावरून नाही. झालं ते स्टेटसवरून, आणि त्याच्या खाली साचलेल्या दहा जुन्या गोष्टींवरून.

या बाबतीत आपल्याकडे एक उदाहरण आहे आणि मराठी माणसानं ते विसरावं याचं मला फार वाईट वाटतं. भिवंडी. यंत्रमागाचं गाव. मे १९७० मध्ये तिथे शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. मे १९८४ मध्ये पुन्हा पेटली आणि ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. देशात कुठेही दंगलीचा विषय निघाला की भिवंडीचं नाव यायचं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी १९८४च्या दंगलीचा अभ्यास केला आणि मोहल्ल्या-मोहल्ल्यात कमिट्या बसवल्या. हिंदू-मुस्लिम सारख्या संख्येनं, नेहमीच्या पुढाऱ्यांऐवजी त्या त्या गल्लीतली साधी माणसं आणि सोबत त्या भागाचा पोलीस. बैठक नियमित व्हायची, सण असो वा नसो. तिथे निघायचे ते विषय गटाराचे, नळाचे, भाडेकरूचे, नवरा-बायकोच्या भांडणाचे.

डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पडली. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० माणसं गेली, हा त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा आकडा आहे. भिवंडी मुंबईला किती जवळ आहे तुम्हाला माहीत आहे. सगळे धरून चालले होते की आता भिवंडी जळणार. भिवंडीत दंगल झाली नाही. खोपडे तोवर बदलून गेले होते, त्यांच्या जागी गुलाबराव पोळ आले होते, आणि तरी कमिट्या उभ्या राहिल्या. मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गटाराच्या तक्रारीसाठी तीन-चार वर्षं एकमेकांसमोर बसलेली माणसं त्या रात्री ‘अमुक ठिकाणी आपल्या माणसाला कापलं’ ही आवई ऐकल्यावर थेट त्या ठिकाणच्या माणसाला विचारू शकत होती. ओळख आधीची होती. दंगलीच्या रात्री ओळख करून घेता येत नाही. पुढे मुंबईतही सतीश साहनी पोलीस आयुक्त असताना निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांनी मोहल्ला कमिट्यांचं काम उभं केलं.

आणि हेही सांगायला हवं की एकदा बसवलेली गोष्ट आपोआप टिकत नाही. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून पोलीस आणि जमाव समोरासमोर आले. गोळीबारात दोघं गेले, मग जमावानं दोन पोलिसांचा जीव घेतला. ज्या शहरात पोलीस आणि वस्ती एका सतरंजीवर बसत होते, तिथे हे घडलं.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी देशातल्या शांत आणि दंगलग्रस्त शहरांची जोड्या लावून तुलना केली. त्यांना दिसलं ते तुमच्या उपयोगाचं आहे. खेड्यात शेजारधर्म, सणाला ताट पाठवणं, एकमेकांच्या लग्नाला जाणं एवढ्यावर भागतं. गाव मोठं झालं, राजकारणाचा रेटा आला, की ते पुरत नाही. तिथे दोन्हीकडची माणसं एखाद्या संघटनेत एकत्र असावी लागतात : व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालय. तुमचं तालुक्याचं गाव आता नेमकं मधे आहे. शिरखुर्मा आणि फराळावर चाललं ते दिवस गेले, आणि दुसरं काही उभं राहिलेलं नाही.

म्हणून परिषदेऐवजी बैठक घ्या. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पंचवीस-तीस माणसं, व्यासपीठ नाही, हार नाही, फोटो नाही. मंदिर-मशिदीपेक्षा शाळेचा वर्ग बरा. बोलवायचं कुणाला, यावर सगळं ठरतं. पोलीस ठाण्याच्या शांतता समितीत बसणारी तीच ती माणसं घेऊ नका. सणाच्या आधी चहा-बिस्किट, पीआय साहेबांचं मार्गदर्शन आणि पेपरात बातमी, यापुढे ती समिती बहुतेक गावांत जात नाही. तुम्हाला मंडळाचा तो कार्यकर्ता हवा ज्याच्या एका शब्दावर डॉल्बी बंद होतो. जमातीतला तो माणूस हवा जो जुम्याच्या नमाजनंतर पोरांना दारात थांबवून बोलू शकतो. तालमीचा वस्ताद, मटण मार्केटचा एक, भाजी मंडईतला एक, रिक्षा स्टॅन्डचा एक, बौद्ध वस्तीतले दोघे. मोठ्या ग्रुपांचे अॅडमिन तर हवेतच. आणि निम्म्या बाया घ्या. स्टेटसमागचा पोरगा कोण हे गावातल्या बायांना पोलिसांच्या आधी कळलेलं असतं, पण त्यांना कुणी विचारत नाही.

या बैठकीनं करायचं एक काम तपशिलानं सांगते, कारण त्यातून बाकीचं समजेल. गणपतीच्या दहा दिवस आधी दोन्हीकडच्या सात-आठ जणांनी विसर्जनाचा मार्ग पायी चालायचा, संध्याकाळी, मिरवणूक निघते त्याच वेळेला. कुठे वायर खाली आली आहे, कुठे बोळ अरुंद आहे, गुलाल कुठे थांबवायचा. मशिदीच्या कोपऱ्यावर उभं राहून ईशाच्या नमाजची वेळ विचारायची आणि तिथे ट्रॅक्टर किती मिनिटांत पुढे जाईल हे पाहायचं. आवाज बंद करायचा तर तो नेमका कोण करणार? ‘मंडळ करेल’ हे उत्तर घेऊ नका, माणसाचं नाव घ्या, कारण त्या रात्री ऑपरेटर ऐकतो तो एकाचंच. मशिदीच्या दारात जमातीचे कोण दोघं उभे राहणार, त्यांचीही नावं घ्या. कमानी आणि बॅनरवर काय चित्र लागणार हे त्याच दिवशी दाखवून घ्या. सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवाच्या स्वागत कमानीवर अफजलखान वधाचं चित्र होतं. त्यावरून पेटलेला वणवा सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेला. चित्र लागून गर्दी जमल्यावर कुणालाच मागे सरता येत नाही. चार दिवस आधी, चहाच्या टपरीवर, सरता येतं. असंच फेरफटक्याचं काम मोहरमला, आंबेडकर जयंतीला, ईदच्या जुलूसला.

अशा बोलण्यातून काय निघू शकतं तेही पाहा. १० जुलै २०२२ आणि २९ जून २०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. पंढरपूरसह राज्यात अनेक ठिकाणच्या मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न देता ती पुढे ढकलली. सप्टेंबर २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली, तेव्हा ठिकठिकाणी ईदचा जुलूस एक दिवस पुढे ढकलला गेला. याचं आपण कौतुक करतो, करावंच. पण बैठकीत बसल्यावर हिशेब डोळ्यांसमोर ठेवा : प्रत्येक वेळी एकच बाजू मागे सरते आहे का? तसं होत असेल तर तिकडच्या पोरांना घरातल्या मोठ्यांचा शहाणपणा भित्रेपणा वाटू लागतो, आणि मैत्रिणीच्या दिरासारख्याला परदेशातला वक्ता नेमकं तेच सांगत असतो. तुमच्या मंडळानं एखादी गोष्ट आपणहून सोडून दाखवावी. मोठी नको, पण दिसेल अशी.

अवघड विषय टाळू नका. आंतरधर्मीय लग्न, गुरांच्या गाड्या, भोंगे, अतिक्रमण, जमिनी, ‘आमच्या पोरांवरच केसेस का’ हे सगळं माणसं घरी बोलतात आणि बैठकीत मात्र गोड बोलतात. मी अशा बैठकांना बसलेली आहे. पहिले दोन-तीन महिने सगळे ‘आपल्या गावात तसं काही नाही’ म्हणतात. मग एखादा माणूस चिडून उठतो आणि खरं बोलतो. त्याला खाली बसवू नका. त्याचं पूर्ण ऐकून घ्या आणि दुसऱ्या बाजूच्या एकाला, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावा. त्यानंतर वाद झाला तरी चालेल. फक्त दोन नियम ठेवा. इतिहासातला राजा कुणी आणायचा नाही, आणि दुसऱ्या राज्यातला व्हिडिओ कुणी दाखवायचा नाही. बोलायचं ते या गावातलं, नावानिशी.

अफवेचंही तिथेच ठरवा. रात्री मेसेज फिरला की पुढे ढकलायच्या आधी फोन कुणी कुणाला करायचा, दोन्हीकडची चार-चार नावं. खात्री झाली की प्रत्येकानं आपापल्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात टाकायचं : ‘मी इथे उभा आहे, इथे काही झालेलं नाही.’ लिहिलेल्या मजकुरापेक्षा ओळखीचा आवाज लोक मानतात.

धर्मगुरूंना यात जागा आहे, पण नंतर आणि वेगळी. दिराशी तुम्ही इस्लामवर वाद घालू शकणार नाही, मैत्रीणही नाही. त्याला त्याच्या धर्माचं ज्याला खरोखर ज्ञान आहे अशा आलिमाकडेच न्यावं लागेल, त्यालाही एकट्यानं, पुष्कळ वेळा. तसंच भाच्याला एखादा वारकरी बुवा किंवा वस्ताद गाठून द्या, ज्याच्यासमोर त्याला आपली हिंदू म्हणून परीक्षा होतेय असं वाटणार नाही. दोघांनाही आपापल्या घरातला माणूस लागेल. त्या दोघांना एकमेकांसमोर बसवून चर्चा करायला लावू नका, निदान वर्षभर तरी.

त्यांना एकत्र आणायचं ते कामाला. सांगली जिल्ह्यात कडेगावला मोहरमचे उंच ताबूत निघतात, त्यांतले काही हिंदूंचे असतात आणि ते उभे करायला दोन्हीकडचे हात लागतात. मुंबईच्या मोहल्ला कमिटीनं पोरांचं आणि पोलिसांचं क्रिकेट लावलं. तुमच्याकडे क्रिकेट लावलंत तर संघ गल्लीवार पाडू नका, कारण गल्ल्या आधीच धर्मावार झालेल्या आहेत. चिठ्ठ्या टाकून पाडा. भाचा आयटीआयचा आहे, त्याचा ट्रेड विचारा. फिटर, वायरमन, वेल्डर काहीही असो, उत्सवाच्या मार्गावरची वायरिंग तपासायला किंवा कमान उभी करायला त्याच्या हाताला जबाबदारी द्या आणि लोकांसमोर त्याचं नाव घ्या. घरी बसलेल्या पोराला त्या ग्रुपवर काय मिळतं याचा विचार केलात तर लक्षात येईल : तिथे रात्री दोन वाजता कुणीतरी त्याला ‘भाऊ’ म्हणतं आणि त्याची गरज आहे असं सांगतं. घरात त्याला ‘अजून नोकरी नाही का?’ एवढंच ऐकू येतं. मोबाइल काढून घेऊ नका. रोज त्याच्याबरोबर अर्धा तास बसा, आणि त्यातली पंचवीस मिनिटं त्यालाच बोलू द्या.

राहिले मंडळाचे चाळीस हजार. गेल्या वर्षी जी दुकानं फुटली त्यांत अजून वाकलेलं शटर कुणाचं आहे, ते आधी जाऊन पाहा. दोन्ही बाजूंची असतील तर दोन्हीकडे जा. ज्याचा माल रस्त्यावर फेकला गेला त्याच्याकडे वर्षभरात कुणीही आलं नसेल, तर तुमच्या बैठकीच्या निमंत्रणाला तो काय म्हणून येईल? पहिल्या बैठकीचा पहिला विषय तोच ठेवा : कुणाचं किती नुकसान झालं, सरकारकडून काय आलं, काय बाकी आहे. परिषदेचे पैसे त्या दुरुस्तीला द्या आणि जमातीलाही तेवढेच घालायला सांगा. मंडळातली काही माणसं कुरकुरतील, ‘वर्गणी बाप्पाची आहे’ म्हणतील. त्यांच्याशी बोलायचं काम मिस्टरांवर सोपवा, परिषदेतला कच्चा दुवा त्यांनी बरोबर हेरला होता. पावती मंडळाच्याच नावानं फाडा, आणि उत्सवाचा ताळेबंद फलकावर लागतो तेव्हा ही ओळ त्यात इतरांसारखीच लिहा.